उत्तराआधी अडचण: रसायनशास्त्र शिकवताना इतिहास कसा वापरावा

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात इतिहास असतो, पण तो बहुधा चौकटीत असतो. शास्त्रज्ञाचे चित्र, जन्म-मृत्यूची साले आणि खाली दोन-तीन ओळी. परीक्षेत त्यावर फारसे काही येत नाही हे शिक्षकाला आणि मुलांना सारखेच ठाऊक असल्यामुळे तास ती चौकट ओलांडून पुढे जातो. ती चौकट मोठी करावी असे येथे सुचवायचे नाही. आठवी ते बारावीला शिकवणाऱ्यांनी इतिहासाचा उपयोग पाठ सांगण्यापेक्षा पाठ आखण्यासाठी कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मूळ मुद्दा साधा आहे. आज आपण व्याख्या म्हणून फळ्यावर लिहितो ती प्रत्येक संकल्पना एके काळी कोणत्यातरी अडचणीवर काढलेला तोडगा होती. आपण तोडगा सांगतो आणि अडचण सांगतच नाही, त्यामुळे मुलांना तो पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून इतिहासातून शिक्षकाने तीन गोष्टी उचलाव्यात: तेव्हाचा प्रश्न, तेव्हा हाती असलेली माहिती, आणि त्या माहितीवरून शहाण्या माणसांनी काढलेले पण पुढे न टिकलेले उत्तर. पाठाच्या टाचणात या तिन्हींसाठी एकेक ओळ लिहावी. यांतील तिसरी ओळ सर्वांत मोलाची असते, कारण आपल्या वर्गातील मुले बहुधा त्याच उत्तरापाशी अडकलेली असतात.

हे प्रत्येक पाठाला करू नये. पोर्शन संपवायचा असतो आणि तासिका ३५-४० मिनिटांची असते. जेथे मुले दरवर्षी अडखळतात आणि जेथे एके काळी जाणकारही अडखळले होते, असे दोन-तीन विषय वर्षाला पुरेत. ज्वलन, रेणुसूत्र, आम्ल आणि आवर्तसारणी या चार ठिकाणी ही पद्धत चांगली चालते, असा माझा अनुभव आहे.

ज्वलन: हरलेल्या बाजूलाही वकील द्या

लाकूड जळले की मूठभर राख उरते. त्यामुळे जळताना पदार्थातून काहीतरी निघून जाते ही समजूत अगदी स्वाभाविक आहे, आणि अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांचीही तीच होती. जर्मनीत श्टालने या निघून जाणाऱ्या तत्त्वाला फ्लॉजिस्टन असे नाव दिले. पुस्तकात हा सिद्धान्त एका ओळीत ‘चुकीचा’ म्हणून उरकला जातो आणि तेथेच एक चांगला तास वाया जातो, कारण त्या सिद्धान्ताने खरोखर बरेच काही समजावून दिले होते. बंद भांड्यात ज्योत का विझते? तर आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते आणि तिला आणखी घेता येत नाही. कोळसा जळून जवळजवळ काहीच का उरत नाही? तर तो जवळजवळ निव्वळ फ्लॉजिस्टनच असतो. धातूचे भस्म कोळशाबरोबर तापवले की पुन्हा धातू का मिळतो? तर कोळसा आपले फ्लॉजिस्टन भस्माला देतो. यांतील शेवटचे उत्तर नीट पाहावे. धातू मिळवण्याची ती अभिक्रिया आज आपण क्षपण म्हणून शिकवतो; देवाणघेवाण तेव्हाच्या लोकांनी अचूक ओळखली होती, फक्त दिशा उलटी धरली होती.

वर्गाचे दोन गट करावेत आणि एका गटाला फ्लॉजिस्टनची बाजू लढवायला द्यावी. हुशार मुले याच गटात घालावीत, नाहीतर वाद पाच मिनिटांत संपतो. भस्म हा शब्द मुद्दाम वापरावा, कारण लोहभस्म, ताम्रभस्म ही नावे मुलांनी घरात कधीतरी ऐकलेली असतात आणि धातू तापवून त्याची भुकटी होते ही गोष्ट त्यांना परकी वाटत नाही.

मग प्रयोग करावा. लाकडी फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगून तिच्या दोन्ही टोकांना स्टील वूलचे सारखे पुंजके अडकवावेत, पट्टी आडवी स्थिर करावी, आणि एका बाजूचा पुंजका पेटवण्यापूर्वी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावे की जळालेली बाजू वर जाईल, खाली जाईल, की जागेवर राहील. लिहून घेणे आवश्यक आहे. तोंडी विचारले तर सगळे वर्गातल्या पहिल्या नंबराकडे पाहतात. पुंजका कापसासारखा हलक्या हाताने पिंजून सैल करावा आणि खाली ॲल्युमिनियमची फॉइल पसरावी, कारण ठिणग्या पडतात. स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानातून, लाकडाला पॉलिश करण्यासाठी मिळते ते बारीक प्रतीचेच आणावे. पहिल्या वर्षी मी भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी घेऊन गेलो होतो. ती स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे ज्योतीत लाल झाली, पण पेटली नाही, आणि वर्गाने मनसोक्त हसून घेतले.

पेटलेली बाजू हळूहळू खाली जाते. ‘वर’ असे लिहिलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. या क्षणी ‘ऑक्सिजन’ हा शब्द उच्चारू नये. फ्लॉजिस्टनच्या वकिलांना आधी बोलू द्यावे. बहुतेक वर्गांत कोणीतरी म्हणतेच की फ्लॉजिस्टनला वजन नसेल किंवा ते पदार्थाला वर उचलत असेल, म्हणून ते गेल्यावर पदार्थ जड झाला. अशा तऱ्हेची पळवाट तेव्हाही काहींनी काढली होती. मुलाला ते सांगावे; त्याचा वेडेपणा एका प्रतिष्ठित परंपरेत बसतो हे कळल्यावर ते पुढच्या वेळी अधिक धीटपणे बोलते.

आता फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची बाजू, म्हणजे जळताना हवेतला एक भाग पदार्थाला जोडला जातो ही, मांडावी, आणि ती आकड्यांनी मांडावी. १७८९ च्या ग्रंथात त्याने दिलेला प्रयोग असा आहे: ४ औंस पारा बंदिस्त हवेच्या संपर्कात १२ दिवस तापवला, सुरुवातीची ५० घन इंच हवा ४२ ते ४३ घन इंचांवर आली, पाऱ्यावर ४५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने, लहान एकक) तांबडे भस्म जमले. ते भस्म वेगळे काढून अधिक तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू परत मिळाला. हे आकडे फळ्यावर लिहून शिक्षकाने गप्प बसावे. हवेतून जेवढे गेले होते तेवढेच भस्मातून बाहेर आले, हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून यायला हवे. हा प्रयोग वर्गात करून दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. पारा आणि त्याची वाफ विषारी आहे.

त्याऐवजी स्टील वूल व्हिनेगरमध्ये धुऊन त्यावरचे तेल काढावे, पिळून परीक्षानळीच्या तळाशी दाबावे आणि नळी पाण्यात उपडी ठेवावी. एक-दोन दिवसांत नळीतल्या हवेतला ऑक्सिजन घेऊन लोखंड गंजते आणि पाणी नळीच्या साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढते. १५ सेंटिमीटरच्या नळीत सुमारे ३ सेंटिमीटर. एक पंचमांश दाखवण्यासाठी मेणबत्तीवर पेला उपडा ठेवण्याचा प्रयोग आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, पण तो सोडून द्यावा. मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि पाणी चढते ते मुख्यतः तापून पसरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावल्यामुळे. विश्वास बसत नसेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक चढते.

हा पाठ ‘लाव्हाझिए बरोबर, प्रीस्टली चूक’ अशा निकालावर संपवू नये. १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगातून ऊन पाडून तोच वायू, म्हणजे ऑक्सिजन, वेगळा करणारा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली १८०४ मध्ये मरेपर्यंत फ्लॉजिस्टन मानत राहिला; शेलेने तर तो वायू त्याच्याही आधी मिळवला होता. आणि फ्लॉजिस्टन घालवणाऱ्या लाव्हाझिएच्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताद्रव्य ही दोन नावे आहेत. ती यादी वर्गात फिरवावी आणि आज आपण त्यातले काय काय खोडू, हे मुलांनाच विचारावे.

पाण्याचे सूत्र: पन्नास वर्षांचा गोंधळ एका तासात

पाण्याच्या विद्युत अपघटनात हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट आकारमानाने मिळतो, ‘म्हणून’ पाण्याचे सूत्र एच-टू-ओ, असे आपण सर्रास सांगतो. या ‘म्हणून’मध्ये पन्नास वर्षांचा वाद दडलेला आहे. दुप्पट आकारमान म्हणजे दुप्पट कण, हे गृहीत कोठून आले? मुले ते विचारत नाहीत, कारण सूत्र त्यांना आधीपासूनच पाठ असते.

म्हणून या पाठाची सुरुवात सूत्र विसरायला लावून करावी. फळ्यावर एवढीच माहिती द्यावी: पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. मग विचारावे की ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा किती पट जड? बहुतेक मुले १६ म्हणतात, कारण तेही पाठ आहे. तेव्हा दाखवून द्यावे की सूत्र एचओ धरले तर उत्तर ८ येते, एच-टू-ओ धरले तर १६ आणि एच-ओ-टू धरले तर ४, आणि दिलेल्या माहितीशी तिन्ही उत्तरे जुळतात. सूत्र कळल्याशिवाय अणुवस्तुमान काढता येत नाही आणि अणुवस्तुमान कळल्याशिवाय सूत्र काढता येत नाही. डाल्टन याच कोंडीत होता. त्याने नियम केला की दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक मानावे, म्हणजे पाणी एचओ. त्याच्या १८०८ च्या कोष्टकात ऑक्सिजनपुढे ७ हा आकडा आहे, कारण मोजमापही अजून कच्चे होते. वर्गात मात्र ८ घ्यावा, नाहीतर दोन अडचणी एकमेकींत गुंततात.

यानंतर दुसरी माहिती द्यावी. त्याच सुमारास गे-ल्युसॅकने दाखवले की २ आकारमान हायड्रोजन आणि १ आकारमान ऑक्सिजन मिळून २ आकारमान वाफ तयार होते. मुलांना समान आकारमानात समान कण असे मानून चित्र काढायला सांगावे. चित्र काढताना एखाद्या बाकावर कोणीतरी थांबते आणि म्हणते, “सर, ऑक्सिजनचा एकच गोळा आहे, पण वाफेचे दोन गोळे झालेत, आणि दोन्हींत ऑक्सिजन हवा. तो अर्धा करायचा का?” संपूर्ण तास या प्रश्नासाठी असतो. अणू अविभाज्य आहे असे आपणच मागच्या पाठात सांगितलेले असते, आणि डाल्टननेही नेमक्या याच कारणाने हे मानायला नकार दिला होता. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने सुचवले की ऑक्सिजनचा मोकळा कण हाच मुळी दोन अणूंचा आहे. अर्धा होतो तो रेणू, अणू नव्हे. अणू आणि रेणू हे दोन शब्द वेगळे का लागतात, हे येथे मुलांना पहिल्यांदा खरोखर कळते. (हिंदी पुस्तके चाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा ‘परमाणु’.)

ॲव्होगॅड्रोचे म्हणणे तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. एकाच प्रकारचे दोन अणू एकमेकांना धरून राहतीलच कसे, असा रास्त आक्षेप होता, कारण बर्झेलियसच्या विचारानुसार संयोग होण्यासाठी विरुद्ध विद्युतप्रभार लागत. परिणाम असा की १८६१ च्या एका पाठ्यपुस्तकात केकुलेने ॲसिटिक आम्लासाठी प्रचारात असलेली १९ वेगवेगळी सूत्रे नोंदवली आहेत. हे ऐकून सूत्रे चुकणाऱ्या मुलांना बरे वाटते, आणि तेवढ्यासाठीही ते सांगायला हरकत नाही. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ याच गोंधळावर तीन दिवस चर्चा करायला जमले होते. तेथे निर्णय झाला नाही, पण निघताना इटलीच्या कॅनिझारोची, ॲव्होगॅड्रोचे म्हणणे पुन्हा मांडणारी १८५८ ची पुस्तिका अनेकांच्या हाती पडली आणि तिने पुढचे काम केले.

कॅनिझारोची रीत नववीच्या मुलालाही जमते. हायड्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २ मानून वायूंच्या घनतेवरून काढलेली रेणुवस्तुमाने आणि त्यांतील ऑक्सिजनचा वाटा गटांना कागदावर द्यावा: पाण्याची वाफ १८, त्यात ऑक्सिजन १६, कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात १६, कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात ३२, सल्फर डायऑक्साइड ६४, त्यात ३२, खुद्द ऑक्सिजन ३२, ओझोन ४८. ऑक्सिजन कोठेही १६ पेक्षा कमी नाही आणि सर्वत्र १६ च्या पटीत आहे, हे पाच मिनिटांत मुलांच्या लक्षात येते. येथपर्यंत आलेल्या वर्गाला मोल ही संकल्पना शिकवताना फारसे कष्ट पडत नाहीत.

आम्ल: व्याख्या कोठे मोडली ते दाखवा

आम्लाच्या व्याख्या एकाखाली एक लिहून पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक व्याख्या कोणत्या पदार्थापाशी अडली, ते दाखवावे. लाव्हाझिएला वाटले की आम्लता ऑक्सिजनमुळे येते, आणि ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. म्हणजे चुकीचा ठरलेला सिद्धान्त नावात अजून जिवंत आहे. बंगालीने तो ‘अम्लजान’ म्हणून जसाच्या तसा उचलला. मराठीतल्या ‘प्राणवायू’ने तो टाळला, पण ‘उदजन’मध्ये मात्र आपण हायड्रोजनचे, म्हणजे पाणी निर्माण करणाऱ्याचे, शब्दशः भाषांतर केले. भाषेच्या तासाला शोभेल असा हा तपशील विज्ञानाच्या तासाला सांगितला तर मुले नाव आणि व्याख्या यांत फरक करायला शिकतात.

ती व्याख्या मिठापासून मिळणाऱ्या आम्लापाशी, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लापाशी, मोडली. १८१० मध्ये डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्या आम्लात ऑक्सिजन नाही हे मान्य करावे लागले. पुढे लीबिगने १८३८ मध्ये धातूने विस्थापित होऊ शकणाऱ्या हायड्रोजनकडे बोट दाखवले. अऱ्हेनियसने आयनांची भाषा आणली (पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी), आणि आपल्या नववीच्या व्याख्या त्याच भाषेत आहेत.

अऱ्हेनियसची मर्यादा प्रात्यक्षिकातून दिसते. खिडक्या उघड्या ठेवून संहत अमोनिया आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटल्यांची तोंडे काही क्षण एकमेकांजवळ आणावीत. दाट पांढरा धूर होतो. तो नवसागर आहे, कल्हईवाला वापरतो तोच. अभिक्रिया वायूंमध्ये झाली, अमोनियाच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाही, मग आम्लारी कोठे आहे? १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे दिलेली प्रोटॉनच्या देवाणघेवाणीची व्याख्या (प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी) या धुराला लागू पडते. अकरावीत ती शिकवताना नववीची व्याख्या खोटी होती असे मात्र म्हणू नये. तिचे क्षेत्र पाण्यातील द्रावणांपुरते होते, आणि तेथे ती आजही चालते.

आवर्तसारणीबद्दल थोडे

दहावीत डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके आणि मेंडेलीव्हची सारणी हा इतिहास अभ्यासक्रमातच आहे, पण गुण-दोषांची यादी म्हणून. त्याऐवजी मूलद्रव्यांचे पत्ते करून ते गटांना मांडायला द्यावेत: प्रत्येकावर अणुवस्तुमान, ऑक्साइडचे सूत्र आणि दोन गुणधर्म. दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. निष्क्रिय वायूंचे पत्ते घालू नयेत, कारण १८६९ मध्ये ते मेंडेलीव्हच्या हातात नव्हते. अरगॉन १८९४ मध्ये सापडला. आणि गॅलियमचा पत्ता गुपचूप काढून ठेवावा. जागा रिकामी सोडणारा गट निघाला की त्याला सांगावे की १८७५ मध्ये गॅलियम सापडल्यावर त्याची घनता प्रथम ४.७ मोजली गेली, मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे कळवले, आणि शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजल्यावर ती तेवढीच निघाली. टेल्युरियम आणि आयोडीन यांचा अणुवस्तुमानाच्या उलटा क्रम दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. त्याचा उलगडा १९१३ मधल्या हेन्री मोजले या शास्त्रज्ञाच्या अणुअंकाच्या कामापर्यंत थांबतो.

सांगण्याआधी तपासा

इतिहास वर्गात आणला की दंतकथाही मागोमाग येतात. आपल्याकडचे उदाहरण विजयदुर्गचे आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे अभिमानाने सांगितले जाते. त्या ग्रहणाच्या वेळी गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकयरने सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. तो विजयदुर्गला आला हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे रॅम्झीने १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळवल्यानंतर. कोकणातल्या शाळेने ही गोष्ट जरूर सांगावी, पण दोन्ही ग्रहणे वेगळी ठेवून.

दुसरी चूक उत्साही शिक्षकांची असते. सगळा इतिहास क्रमाने सांगण्याची गरज नसते, आणि प्रत्येक मूल इतिहासाच्याच वाटेने चुकते असेही नाही. पाण्याच्या सूत्राच्या वेळी मुलांच्या चुका डाल्टनपेक्षा पाठांतरातून अधिक येतात, म्हणून तेथे ती कोंडी आपल्याला मुद्दाम उभी करावी लागते. ज्वलनाच्या वेळी ती आयतीच मिळते.

चाचणीत ‘कोणी, केव्हा’ विचारले की मुले पुन्हा चौकट पाठ करतात. त्याऐवजी असे प्रश्न घालावेत: डाल्टनकडे असलेल्या माहितीवरून पाण्याचे सूत्र एचओ मानणे का योग्य होते, आणि कोणती नवी माहिती आल्यावर ते सोडावे लागले? किंवा, फ्लॉजिस्टन मानणाऱ्याने पेटलेल्या स्टील वूलच्या प्रयोगाचे काय स्पष्टीकरण दिले असते, आणि तुम्ही त्याला कोणता पुढचा प्रयोग करायला सांगाल? दुसऱ्या प्रश्नाला एका मुलीने लिहिले होते: “तोच प्रयोग बंद बरणीत करा आणि अख्ख्या बरणीचे वजन आधी व नंतर करा.” ऑक्सिजनचे नाव उत्तरात कोठेही नव्हते. मी तिला पूर्ण गुण दिले.